डब्याची बाजू

मागच्या महिन्यात ठाण्यात खोपटच्या सिग्नलपाशी एका रिक्षाने आमच्या गाडीचे डाव्या बाजूचे मागचे दार घासले. रिक्षावाल्याने हात जोडले, मागच्या एसटीने हॉर्न वाजवला, मी मान हलवली आणि प्रकरण तिथेच मिटले. परंतु दारावर हातभर लांबीचा ओरखडा आणि त्याच्या मध्यावर तळहाताएवढा पोचा राहून गेला. गाडी दुरुस्तीला टाकावी की नाही याची घरात चर्चा सुरू झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, डब्याला एक पोचा आला तर काय बिघडलं? डब्याला पोचे असतातच." तिचे म्हणणे असे की ही गाडी आता द्यावी आणि छोटी एसयूव्ही घ्यावी, कारण इमारतीच्या पार्किंगमध्ये आमची गाडी रांगेत उभ्या असलेल्या कपाटासारखी दिसते.

गाडी म्हणजे २०१९ सालची रुपेरी वॅगन-आर. माझी ३१ वर्षे वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये पत्रा दाबण्याचे डाय, म्हणजे साचे, बनवण्यात गेली. मोटारीचे दार मी कधी बनवलेले नाही. आमचे काम पंख्यांची झाकणे, दिव्यांचे ब्रॅकेट आणि लोखंडी कपाटांचे भाग यांचे होते. त्यामुळे कपाट हा शब्द मला लागला नाही. पण डबा हा शब्द मात्र डोक्यात राहिला, आणि गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये असताना तिच्याकडे मी प्रथमच नीट पाहिले. त्यातून जे सुचले ते इथे लिहून ठेवतो.

डबा का दिसतो, याचे उत्तर मोजपट्टीत आहे. आमच्या गाडीची लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० आणि उंची १,६७५ आहे. म्हणजे ही गाडी जितकी रुंद आहे त्याहून ५५ मिलिमीटर जास्त उंच आहे. मागून पाहताना डोळा लांबी पाहत नाही, तो फक्त रुंदी आणि उंची पाहतो, आणि रुंदीपेक्षा उंची जास्त भरली की त्याला ती वस्तू उभी वाटते. उभी वस्तू म्हणजे कपाट, फ्रीज, डबा. आडवी वस्तू म्हणजे मोटार. लहानपणापासून आपण मोटारीचे चित्र काढतो ते आडवेच काढतो.

मुलीला आवडणाऱ्या गाड्यांपैकी टाटा पंच २०२१ मध्ये आली तेव्हा तिची उंची १,६१५ मिलिमीटर होती आणि रुंदी १,७४२. म्हणजे जिला सगळे उंच आणि दणकट समजतात ती गाडी आमच्या डब्यापेक्षा ६० मिलिमीटर बुटकी आहे. हे आकडे मी मुलीला दाखवले तेव्हा तिने आधी विश्वास ठेवला नाही, आणि खाली जाऊन शेजाऱ्यांच्या गाडीशेजारी उभी राहून खात्री करून आली. दणकटपणाचा तो आभास कशातून येतो हे पाहण्यासारखे आहे. बॉनेट उंच आणि सपाट ठेवले आहे, म्हणून समोरून गाडीची छाती भरलेली दिसते. काचांची खालची रेषा वर घेतली आहे, म्हणून बाजूने पत्रा जास्त आणि काच कमी दिसते. आणि भिंत जाड असेल तर घर भक्कम, असे मन आपोआप मानते. खालच्या कडेला आणि चाकांभोवती काळे खडबडीत प्लास्टिक लावले आहे, त्यामुळे रंगीत भाग जमिनीपासून सुटून वर उचलल्यासारखा वाटतो आणि काळे टायर काळ्या कमानींत मिसळून आहेत त्याहून मोठे भासतात. जाड काठाच्या लुगड्याने बाई उंच दिसते असे आई म्हणते, तसाच हा प्रकार आहे.

या काळ्या प्लास्टिकला मी केवळ दिखावा म्हणणार नाही. न रंगवलेल्या खडबडीत पृष्ठावर ओरखडा लपतो, आणि तुटलेच तर तेवढाच तुकडा बदलता येतो. गोखले रोडवर दुचाकींच्या दोन रांगांमधून गाडी काढणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. मात्र तीन-चार उन्हाळे गेले की ते प्लास्टिक राखाडी पडू लागते आणि गाडीचा बाकीचा रंग शाबूत असतानाही ती थकलेली दिसते. आमच्या इमारतीत एक गृहस्थ दर रविवारी त्याला तेल चोळतात. तेलावर सोमवारी घोडबंदर रोडची धूळ बसते.

उभा आकार मुळात आला कुठून, हे पाहिले तर त्यामागे सौंदर्यदृष्टी नसून कायदा निघतो. जपानमध्ये केई नावाच्या लहान गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. सुझुकीने १९९३ मध्ये पहिली वॅगन-आर आणली त्या वेळी या वर्गातील गाडीची लांबी ३.३ मीटरच्या आणि रुंदी १.४ मीटरच्या आत असावी लागे, इंजिन ६६० सीसीपर्यंतच चाले, पण उंचीची मर्यादा मात्र २ मीटर इतकी सैल होती. लांबी अडली, रुंदी अडली, तेव्हा राहिलेली दिशा वरची. आपल्याकडे चाळीत माळा काढतात त्यामागेही हेच गणित असते. छत वर गेल्याने आसनही वर घेता आले, आणि आसन वर गेले की पाय पुढे लांब पसरण्याऐवजी खुर्चीत बसल्यासारखे खाली सोडता येतात. परिणामी कमी लांबीत चार माणसे गुडघे न दुमडता बसतात. भारतात ही गाडी १९९९ च्या अखेरीस आली. त्याच्या आधीच, १९९८ मध्ये, ह्युंदाईची सँट्रो आलेली होती आणि अशा उंच, उभ्या गाडीसाठी टॉलबॉय हा शब्द आपल्याकडे तिच्यामुळेच रूढ झाला. सँट्रो प्रथम पाहिली तेव्हा आमच्या टूलरूममध्ये सगळे हसले होते, आणि पुढच्या काही वर्षांत हसणाऱ्यांपैकी तिघांनी तीच घेतली.

आपल्याकडेही कायद्याने आकार घडवला, पण वेगळ्या रीतीने. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली, ती अशी की लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरील अबकारी कर कमी झाला. पुढे जीएसटीतही हीच चौकट राहिली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीत बसणाऱ्या गाड्यांना १८ टक्के कर लागू झाला. जपानी कायद्याने लांबीबरोबर रुंदीही मोजली, आपल्या कायद्याने रुंदी मोजलीच नाही. म्हणून आपल्या लहान गाड्या हळूहळू रुंदावत गेल्या, कारण रुंदीला कर नाही आणि रुंदीमुळे गाडी ऐटबाज दिसते. हा कायदा मुळात लहान गाडी स्वस्त व्हावी म्हणून आला होता. ठाण्याच्या जुन्या भागात राहणाऱ्याला मात्र लांबीपेक्षा रुंदीच नडते. नौपाड्यातल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना मधून जाताना पंच आणि आमच्या गाडीच्या रुंदीतला १२ सेंटिमीटरचा फरक म्हणजे आरसा वाचणे किंवा न वाचणे. लांबीच्या अटीमुळे डिकीवाल्या गाड्यांचे जे झाले ते आणखी वाईट. २००८ ची इंडिगो सीएस ही त्या अटीत बसवलेली पहिली सेडान, आणि तिच्या मागोमाग आलेल्या कित्येक गाड्यांची डिकी घाईत आवरल्यासारखी दिसते. हॅचबॅकला हे दुःख नाही, तिला मुळात शेपटीच नसते.

उभ्या गाडीला सुसह्य करणारी गोष्ट म्हणजे चाके कुठे बसवली आहेत ही. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत २,४३५ मिलिमीटर अंतर आहे. एकूण लांबीला हा आकडा ताडून पाहिला तर बरोबर दोनतृतीयांश येतो. मला गंमत वाटली म्हणून अलेक इसिगोनिस यांनी रचलेल्या १९५९ च्या ब्रिटिश मिनीचे आकडेही ताडून पाहिले. तिची लांबी सुमारे ३,०५४ मिलिमीटर आणि चाकांतील अंतर २,०३६, म्हणजे पुन्हा दोनतृतीयांश. मिनीकडे पाहून जग साठ वर्षे लोभावले आहे आणि आमच्या गाडीला डबा म्हणते, हा भाग निराळा. पण दोघींतही चाके चार कोपऱ्यांत ढकललेली आहेत आणि त्यामुळे कमी जागेत माणसे जास्त मावतात. चौरंगाचे पाय कोपऱ्यांत असतात तोवर तो डुगडुगत नाही. तेच पाय आत घेतले तर वरचा पाट कितीही सुंदर असला तरी त्यावर समई ठेवण्याचे धाडस होत नाही. चाकांच्या आकाराची तक्रार मात्र खरी आहे. या पिढीच्या गाडीला सुरुवातीला १३ आणि १४ इंची चाके होती, आणि एवढ्या उंच अंगाखाली ती खरोखरच किरकोळ दिसतात. थोराड माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखी. मोठी रिम बसवून हे झाकता येते, पण तेवढ्याच जागेत रिम मोठी केली की टायरची बाजू बारीक होते, आणि जुलैमध्ये कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत गाडी चालवणाऱ्याला रबराची ती जाडी का हवी हे सांगावे लागत नाही.

आता गॅरेजकडे येतो. दाराचे आतले अस्तर, काच आणि हँडल काढल्यावर मिस्त्रींनी मला बोलावून पोचा आतून दाखवला. बाहेरून जो भाग घडीव आणि जाडजूड वाटतो तो प्रत्यक्षात पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा असतो. आघात सोसण्यासाठी दारात आडवी दांडी असते, ती या पत्र्याच्या मागे लपलेली. पत्र्याचे काम आकार धरून ठेवणे एवढेच, आणि पातळ पत्र्याने आकार कसा धरायचा हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न आहे. अगदी सपाट पत्रा सगळ्यात वाईट. त्यावर अंगठा दाबला तर तो आत जातो आणि सोडला की टप् असा आवाज करून बाहेर येतो, कपाटाचा दरवाजा करतो तसा. शिवाय सपाट चकचकीत पृष्ठात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले तर ते पाण्यात पाहिल्यासारखे हलते. म्हणून मोटारीचा कोणताही मोठा भाग खरा सपाट नसतो. त्याला नजरेला न जाणवेल इतकी गोलाई दिलेली असते, आणि डायमध्ये दाबताना तो चारही बाजूंनी पुरेसा ताणून घेतला जातो, कारण नुसता वाकवलेला पत्रा सैल राहतो आणि ताणलेला कडक होतो. पापड लाटताना मध्ये जाड आणि कडेला पातळ राहिला तर तो भाजताना वेडावाकडा उठतो. पत्राही कमीजास्त ताणला गेला की तसाच रुसतो.

बाजूवरून जाणाऱ्या ज्या कडांना जाहिरातीत फार नाजूक नावे देतात, त्या कडांचे एक काम या ताणाशी निगडित आहे. कागदाला एक घडी घातली की तो टेबलाच्या कडेबाहेर न वाकता ताठ राहतो, तशी ही कड पत्र्याला बळ देते. दुसरे काम डोळ्यासाठी आहे. उंच दाराची भिंत एकसलग ठेवली तर ती खरोखर गोदामाची भिंत वाटेल. मध्ये आडवी कड घातली की वरचा भाग आभाळाचा उजेड घेतो, खालचा सावलीत जातो, आणि एका उंच भिंतीच्या दोन बुटक्या पट्ट्या होतात. उभ्या गाडीला आडवे करण्याचा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे, कारण त्यासाठी काहीही वरून चिकटवावे लागत नाही. मात्र कड जितकी तीक्ष्ण तितका पत्रा तिथे जास्त ओढला जातो. फार ओढला तर चिरतो, कमी ओढला तर शेजारी सुरकुत्या पडतात, आणि डायमधून सुटल्यावर पत्रा थोडा परत उसळतो तो हिशोब वेगळाच. त्यामुळे एखाद्या स्वस्त गाडीवर सुरीसारखी कड सरळ दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसली की मी रस्त्यात थांबून पाहतो. ज्याने तो डाय घासला असेल त्याच्या बोटांची कल्पना मला आहे.

माझा पोचा नेमका कडेवर आला होता, आणि मिस्त्रींनी मान हलवली ती त्यासाठी. "साहेब, सपाटीवर असता तर आतून दाबून तासाभरात काढला असता. रेषेवर आलाय. रेषा पुन्हा आणायला हात बसावा लागतो," असे ते म्हणाले. त्यांनी आतून ठोकून पत्रा वर आणला, लांबी, म्हणजे खळगा बुजवायची पुट्टी, भरली, ती वाळल्यावर पट्टीभोवती कागद गुंडाळून घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. डोळ्याने पाहण्याऐवजी ते डोळे मिटून तळहात फिरवत होते. आम्हीही टूलरूममध्ये हेच करत असू.

रंगाची अडचण निराळी. रुपेरी रंग जुळवणे सगळ्यात कठीण, कारण त्यात धातूच्या बारीक चकत्या असतात आणि त्या आडव्या पडल्या की उजळ दिसतात, तिरक्या राहिल्या की काळवंडतात. बंदुकीचा दाब, अंतर आणि हवेतील दमटपणा बदलला की चकत्यांची बैठक बदलते. म्हणून नुसते दार न रंगवता शेजारच्या भागावरही रंग हळूहळू विरवत न्यावा लागतो. मिस्त्रींनी बंपरकडे बोट दाखवून सांगितले की कारखान्यातून नवी आलेली रुपेरी गाडीही नीट पाहिली तर बंपर आणि पत्रा यांत किंचित फरक दिसतो, कारण बंपर प्लास्टिकचा, तो वेगळा रंगवला जातो. हे ऐकल्यापासून मी रस्त्यावरच्या प्रत्येक रुपेरी गाडीचा बंपर पाहतो आणि हा फरक मला दिसतोच. कळले नसते तर बरे झाले असते.

गाडीची मागची बाजू हा माझ्या आवडीचा भाग आहे, आणि नेमका त्यालाच लोक हसतात. सरळ खाली आलेली पाठ हवेला अडवत असेल, असा समज आहे. हवेला खरा त्रास होतो तो पाठ अर्धवट उतरती ठेवली की, कारण उतारावर ती कुठे सुटायची हे ठरत नाही. पाठ लांब निमुळती करता येत नसेल तर ती एका जागी सरळ कापून टाकावी, म्हणजे हवा तिथेच स्वच्छ सुटते, हे जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या १९३० च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. टपाच्या मागच्या कडेला जो छोटा छज्जा असतो तो हवेला सुटायची जागा दाखवतो. जोर्जेतो जुजारो यांनी रेखलेली १९८३ ची फियाट उनो दिसायला चौकोनीच होती आणि तिचा हवारोधाचा गुणांक (जितका कमी तितकी हवा कमी अडते) ०.३४ होता, जो त्या काळातल्या लहान गाडीसाठी फारच चांगला. हीच उनो पुढे १९९६ मध्ये आपल्या कुर्ल्यात जुळवली जाऊ लागली, आणि मुलुंड नाक्यावर ती प्रथम पाहिल्याचे मला आठवते.

सरळ पाठीला एक शिक्षा आहे. गाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो चाकांनी उडवलेला चिखल उचलून मागच्या काचेवर आणून टाकतो. सेडानची मागची काच पावसात बऱ्यापैकी स्वच्छ राहते, हॅचबॅकची दहा मिनिटांत माखते. त्यामुळे मागचा वायपर ही हॅचबॅकची चैन नसून गरज आहे, आणि खालच्या मॉडेलमधून तो वगळणे ही मला न पटणारी काटकसर वाटते. त्यापेक्षा दारावरची क्रोमची पट्टी वगळावी. मागचे दिवे उभे करून खांबांत वर चढवण्याची युक्तीही अशीच कामाची आहे. जुजारोंच्याच १९९३ च्या पुंतोमध्ये ते तसे होते, १९९८ च्या इंडिकातही होते, आणि आमच्या गाडीतही आहेत. दिवे वर गेले की डिकीचे तोंड रुंद उघडते, मागच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यासमोर दिवा येतो, आणि बंपरला बंपर लागला तरी दिवा वाचतो. आमची गाडी मागून महागड्या स्वीडिश गाडीसारखी दिसते असे काही लोक म्हणतात, ते याच दिव्यांमुळे. मी ते नाकारत नाही.

काचांबद्दल आईचे मत घ्यावे लागते, कारण मागच्या आसनावर तीच बसते. ती ७९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखरे, आणि गाडीत बसताना ती आधी पाठ करून आसनावर टेकते व मग पाय आत घेते. आसन कमरेच्या जवळपास उंचीवर असल्याने तिला खाली उतरावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही. आत बसल्यावर काचेची खालची कड तिच्या खांद्याच्या खाली राहते, म्हणून तलावपाळीवरून जाताना तिला पाणी दिसते आणि कोपिनेश्वराच्या दिशेने हात जोडता येतात. भावाच्या नव्या गाडीत मागे काच मागच्या बाजूला निमुळती होत जाते. बाहेरून ती रेषा वेगवान दिसते हे खरे आहे, पण आत बसलेल्या आईने विचारले, "अरे, ही खिडकी आहे की झरोका?" याच जातीची दुसरी हौस म्हणजे मागच्या दाराचे हँडल खिडकीच्या खांबात लपवणे, ज्यामुळे चार दारांची गाडी दोन दारांची भासते. २०१८ च्या स्विफ्टमध्ये ते तसे होते आणि लहान मुलांचा हात तिथे पोचत नसे; २०२४ च्या स्विफ्टमध्ये हँडल परत दारावर आले. नक्कल थांबली आणि गाडी अधिक शांत दिसू लागली, असे मला वाटते.

पावसाचा एक तपशील मात्र जुन्या गाड्यांनी चांगला सांभाळला होता. त्यांच्या टपाच्या कडेला पन्हळीसारखी बारीक पट्टी असे आणि टपावरचे पाणी तिच्यातून पुढे-मागे वाहून जाई. नव्या गाड्यांत बाजू गुळगुळीत दिसावी, वाऱ्याचा आवाज कमी व्हावा म्हणून ही पन्हळ गेली. दार उघडले की साठलेले पाणी थेट मांडीवर. म्हणून ठाण्यातल्या निम्म्या गाड्यांवर काचेच्या वर काळसर प्लास्टिकचे छज्जे चिकटवलेले दिसतात, आणि ज्या रेषेसाठी पन्हळ काढली तीच त्या छज्ज्यांखाली झाकून जाते.

मुलीच्या नाराजीत आकाराखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते तिने शेवटी बोलून दाखवले. स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत ही गाडी फार आहे. मुंबईत काळीपिवळी फियाट गेली तिच्या जागी हाच उभा आकार मोठ्या संख्येने आला. याला मी काय उत्तर देणार? एवढेच सांगितले की ती फियाटही एके काळी घरची गाडी होती, माझ्या काकांकडे पांढरी होती आणि तिच्यासमोर उभे राहून काढलेले फोटो अजून अल्बममध्ये आहेत. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली तेव्हा लोकांनी तिला हार घातले. चालक जी गाडी निवडतो तिच्या दारातून दिवसाला वीस माणसे सामानासह सहज आत-बाहेर होतात म्हणून तो ती निवडतो. मुलीने हे ऐकून घेतले. पटले असे नाही.

गाडी परत आली. रेषा उत्तम आली आहे, रंगही दिवसाच्या उजेडात जुळतो. इमारतीच्या पार्किंगमधल्या दिव्याखाली मात्र ते दार शेजारच्या दारापेक्षा छटाभर गडद दिसते. मिस्त्रींनी सुचवले की बाजूला रबरी बीडिंग लावा, म्हणजे पुन्हा असे होणार नाही. एरवी वरून चिकटवलेल्या गोष्टींना मी नाके मुरडतो, पण हे संरक्षणाचे काम असल्याने घेतले. लावण्याआधी शेजारच्या दोन्ही गाड्यांची दारे उघडून त्यांची कड आमच्या दाराला कुठे लागते तिथे खडूने खूण केली. खुणा जोडल्यावर रेषा जमिनीशी समांतर आली. दारावरची मूळ कड मात्र मागे जाताना किंचित वर चढते, आणि मागच्या टोकाला दोन्हींत चार बोटांचे अंतर पडते. मुलगी माझ्यामागे उभी राहून पाहत होती. "बाबा, खडूच्या रेषेवर लावलीत तर बाजू तुटल्यासारखी दिसेल," ती म्हणाली. मी दोन पावले मागे जाऊन पाहिले, आणि तिचे बरोबर होते. कडेला समांतर लावली तर शेजारच्या दाराचा मार पट्टीच्या खाली बसेल. बीडिंगची जोडी तेव्हापासून डिकीत आहे, आणि खडूच्या खुणा दारावर.